जिन्याला दार नसतं

"चढून बघा की, वायरमन. न चढता शिडी घेतात होय कुणी?"

असं म्हणत शांतीशेठ गल्ल्यावरून उठले आणि शिडीजवळ आले. दुकानाच्या मधोमध त्यांनी ती घोडा करून उभी केली होती, म्हणजे दोन्ही पाय फाकवून, वरच्या सांध्यावर पेललेली. नवीकोरी ॲल्युमिनियमची घडीची शिडी, ट्यूबच्या उजेडात चकाकत होती. आमचे हे तिच्यासमोर हात मागं बांधून उभे होते, पोरगी बघायला गेलेल्या मामासारखे.

"दिसतीय की चांगली," हे म्हणाले. "चढायचं काय त्यात? शिडी ती शिडी."

मी मागं खिळ्यांच्या पोत्याला टेकून उभी होते. शेठ 'चढून बघा' म्हणाले आणि मी पोत्याची कड घट्ट धरली. कारण हणमंत वायरमनला शिडी चढता येत नाही, ही गोष्ट अख्ख्या फलटणात दोनच माणसांना ठाऊक होती. आणि ती दोन्ही माणसं त्या घडीला त्या दुकानात उभी होती.

आधी असं नव्हतं. लग्न करून आले तेव्हा हे विजेच्या खांबावर खारीसारखे चढायचे, आणि मी खालून उगाच ओरडायचे. मग एका मंगल कार्यालयात झुंबर टांगताना खालचा बाक सरकला आणि हे पडले. हात मोडला, तो प्लॅस्टर घालून जुळला. पण काहीतरी जुळलंच नाही. जमिनीपासून दोन पायऱ्या वर गेलं की ह्यांना गरगरायचं, तळव्यांना घाम सुटायचा आणि हात धरलेलं सोडायचे नाहीत. ह्यांनी डॉक्टर केले, अंगारे केले, एकटे असताना घरात स्टुलावर चढून बघितलं. एकदा मी अवचित आत आले तर हे स्टुलावर डोळे मिटून उभे, कपाळावर घाम. मला बघून म्हणाले, "जळमटं काढतोय." डोळे मिटून कोण जळमटं काढतं?

घर चालायला तर हवं होतं. मग एका घरी पंखा बसवायचा होता, तिथं ह्यांनी मला मदतीला नेलं, खोलीचं दार आतून लावलं आणि हळूच म्हणाले, "शालन, तू चढ. मी खालनं सांगतो."

मी चढले. खालून हे सांगत गेले, कुठली वायर कुठं, पक्कड कशी धरायची, नट किती आवळायचा. पंखा फिरला. ह्यांनी दार उघडलं, फडक्याला हात पुसत बाहेर गेले आणि घरमालकानं ह्यांना चहा दिला. मलाही दिला, पण नंतर, आणि स्वयंपाकघरात.

मग तीच आमची रीत झाली. "मेन बंद करतोय, धूळ उडंल, पोरंसोरं लांब ठेवा," असं सांगून हे सगळ्यांना बाहेर काढायचे, दार लावायचे आणि मी पदर खोचून वर. साडीत शिडी चढायची म्हणजे चप्पल चालत नाही, घसरते. मी अनवाणी चढायची. आमची जुनी शिडी लोखंडी गजाची होती. तासभर उभं राहिलं की गज तळव्यात असा रुतायचा की रात्री पाय परातीत मिठाच्या पाण्यात सोडून बसावं लागायचं. हे समोर बसून बघायचे. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. खरं सांगायचं तर वर चढल्यावर मला बरं वाटायचं. फक्त दाराशी पाऊल वाजलं की मी चोरासारखी खाली उतरायची. आपल्याच कष्टाची चोरी. आता हसू येतं, तेव्हा यायचं नाही.

त्या जुन्या शिडीचा सांधा तुटला आणि नेमकं भोइट्यांच्या बंगल्याचं काम आलं. त्यांच्या खोल्या आम्ही आधीच केल्या होत्या, दारं लावून. राहिला होता जिना. जिन्यावर उंच छताला लोंबता दिवा लावायचा होता, आणि गुरुवारी वास्तुशांत. शिडीचा एक पाय वरच्या पायरीवर आणि एक खालच्या पायरीवर राहील अशी शिडी लागणार होती. ती दुकानात मिळाली असती. पण जिन्याला दार नसतं. घरभर पाहुणे, वरखाली ये-जा, तिथं कुणाला बाहेर काढणार? मी ह्यांना तसं विचारलं तर म्हणाले, "आधी शिडी तर बगू." दोन दिवस तेवढंच उत्तर.

तर अशा शिडीसाठी आम्ही शांतीशेठच्या दुकानात आलो होतो.

शेठनी दोन दाखवल्या. एक ही समोर उभी केलेली, उंच, अंगानं बारीक, गोल दांड्याच्या पायऱ्यांची. दुसरी भिंतीला लावलेली, जरा बुटकी, पण पायरी चांगली रुंद आणि चपटी, वर खाचा पाडलेल्या. तिचे दोन्ही पाय वेगवेगळे लांब-आखूड होत होते.

"जिन्यावर चालवायची तर ही दुसरी," शेठ म्हणाले. "एक पाय वर, एक पाय खाली, खटका लावला की हलणार नाही. तासन्‌तास उभं राहणाऱ्याला ही बरी, पाय दुखत नाहीत. पहिली उंच आहे, पण जिन्यावर खालच्या पायाला विटा लावाव्या लागतील. दणकट पायाच्या गड्याला काही वाटत नाही, लोक तीच नेतात."

मी हळूच चप्पल सोडली आणि पदराआडून त्या दुसऱ्या शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. अंगठ्यापासून टाचेपर्यंत सगळा तळवा टेकला. इतकं बरं वाटलं की डोळे मिटावेत. मग मान वर केली तर हे माझ्या पायाकडंच बघत होते. मी पाय काढून घेतला.

तेवढ्यात जगू पेंटर दुकानात शिरला. गावभर ज्याची जीभ चालते असा माणूस, रंगाचे डबे न्यायला आला होता.

"काय हणमंतराव, शिडी? आन् मंडळींना संगं? शिडी न्यायला का शालू न्यायला आलाय?"

शेठच्या दोन गिऱ्हाइकांनी दात काढले. हे पण हसले, पण कान तांबडे झाले.

"कुठली देऊ मग?" शेठनी विचारलं.

ह्यांनी एकदा त्या रुंद पायरीकडं बघितलं, एकदा जगूकडं. आणि म्हणाले, "ही उंचच द्या. आपल्याला काय, कुठल्याबी पायरीवर हुबं ऱ्हातो आपन."

माझ्या तोंडावर आलं होतं, की उभं मला राहायचंय. पण नवऱ्याच्या धंद्याच्या गोष्टीत बाईमाणसानं दुकानात तोंड उघडायचं, तेही हे असं बोलायला?  आणि तेव्हा शेठ ते वाक्य बोलले, चढून बघा की, वायरमन.

"आज उपास हाय," हे म्हणाले.

"उपास पोटाला असतोय का पायाला?" जगू म्हणाला. "चढा की. का मंडळींनी धरायची शिडी?"

आता हे हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, निघा, खोकला आल्यासारखं करा, फोन आल्यासारखं करा. पण ह्यांनी चपला काढल्या. एक पायरी. दुसरी. तिसरीवर पाय टेकला आणि ह्यांची पाठ मला दिसली, सदऱ्याच्या आतून थरथरणारी. चौथी चढले कसे ते त्यांनाच ठाऊक. मग थांबले. दोन्ही हातांनी वरचा दांडा असा धरला की बोटं पांढरी पडली.

"बास की," शेठ म्हणाले. "दणकट आहे ना? या खाली."

हे खाली येईनात.

"वायरमन?"

 शिडी आता बारीक खुळखुळ वाजायला लागली, कारण माणूसच कापत होता. दुकानातलं हसू एकाएकी थांबलं. आणि ते थांबल्यावर मला जी लाज वाटली ती अजून अंगावर काटा आणते. हसत होते तेव्हा बरं होतं. आता सगळे बघत होते, आणि माझा नवरा, माझ्या कपाळीच्या कुंकवाचा धनी, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर शिडीला मिठी मारून उभा होता.

घोडा केलेल्या शिडीला दोन्हीकडून पायऱ्या असतात. मी पलीकडच्या बाजूला गेले, पदर कमरेला खोचला, साडी जरा वर घेतली आणि चढले. भर दुकानात, सगळ्या पुरुषांसमोर. वर गेल्यावर ह्यांचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. डोळे घट्ट मिटलेले.

"अवं," मी हळू म्हणाले. "मी हाय. शालन."

"मला सुटना गं."

"उजवा हात काडा. माझ्या मनगटाला धरा. हां. आता डावा पाय खाली. मी बगतीय. खाली पायरी हाय."

"कुनी बगतंय का?"

"न्हाई," मी म्हणाले. सगळे बघत होते.

एकेक पायरी मी तिकडून उतरले आणि हे इकडून. जमिनीला पाय लागल्यावर ह्यांनी डोळे उघडले आणि कुणाकडंच न बघता चपला शोधायला लागले. चपला पायाशीच होत्या.

"काल ताप व्हता त्यास्नी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "अजून अशक्तपना हाय."

  जगू माझ्या पायाकडं बघत होता, आणि मग वर शिडीकडं, आणि मला दिसलं की त्याला कळलंय. किती सरसर चढले होते मी. अशक्त माणसाची बायको अशी चढत नाही.

"बांधा ती शिडी," हे शेठना म्हणाले. "हीच उंच."

शिडी घेऊन आम्ही पायीच घरी निघालो. पुढचं टोक ह्यांच्या खांद्यावर, मागचं माझ्या. मधे अख्खी शिडी. मला ह्यांची फक्त मान दिसत होती. बाजारातून जाताना कुणी "नवीन घेतली?" विचारलं तरी हे मान हलवत आणि चालत राहत. मला वाटत होतं सगळं गाव आम्हालाच बघतंय, आणि शिडीसारखी लांबलचक गोष्ट लपवायची कुठं?

घरी आल्यावर मी भाकरी थापली. हे जेवले नाहीत. मग माझाही तोल गेला. दिवसभराची लाज कुठंतरी निघायला हवी होती, ती ह्यांच्यावर निघाली.

"उद्या जिन्याला कापड धरनार हाय का कुनी?" मी म्हणाले. "का विटावर शिडी लावून मलाच मारायची हाय? कुनासाठी घेतली ती उंच शिडी? जगूसाठी?"

 हे भिंतीकडं तोंड करून पडले. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सकाळी उठले तर हे नव्हते. अंगणात शिडी नव्हती. आणि उंबऱ्याजवळ माझी एकच चप्पल होती, दुसरी गायब. गल्लीतल्या काळ्या कुत्र्याला चपला पळवायची खोड होती. मी त्याला दोन शिव्या घातल्या. पण चपलेचा विचार करायला वेळ कुठं होता? शिडी घेऊन हा माणूस एकटाच गेलाय, एवढंच डोक्यात. कालचं पुसून काढायला जिन्यावर चढेल आणि तिथून पडेल. मी तशीच निघाले, अनवाणी, केस न विंचरता, भोइट्यांच्या बंगल्याकडं पळत.

तिथं हे नव्हते.

"अजून आले नाहीत वायरमन?" भोइटेवहिनींनीच मला विचारलं. "दुपारी गुरुजी येणार, जिन्यात अंधार आहे." मग त्यांचं लक्ष माझ्या पायांकडं गेलं. नव्या फरशीवर माझ्या पावलांची माती उमटली होती. "अगं, चप्पल?"

"तुटली," मी म्हणाले, आणि पदरानं फरशी पुसायला वाकले. त्यांनी मला उठवलं, पण पाहुण्या बायका बघतच होत्या. कालपासून आम्ही दोघं गावाला बघायला बसवल्यासारखे झालो होतो.

किती वेळ मी त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले कोण जाणे. मग फाटक वाजलं. हे येत होते, खांद्यावर शिडी. पण कालची नाही. बुटकी, रुंद पायऱ्यांची, ती दुसरी.

"बदलून दिली शेठनी," एवढंच म्हणाले.

जिन्यात शिडी उभी केली. एक पाय वरच्या पायरीवर, एक खाली, एकेक खटका दाबून बघितला, परत बघितला, शिडीच्या पायांना बसवलेले रबराचे बूट फडक्यानं पुसले, सगळं अंग टाकून शिडी हलवून बघितली. हलली नाही. मग भोइटेवहिनींकडं वळले. मागं त्यांचे सासरे उभे होते, दोन दीर, पाहुण्या बायका, सगळे.

"वहिनी, वर ही चढंल," हे म्हणाले.  "मला चढता येत न्हाई. पडल्यापासनं येत न्हाई. तुमच्या देवघरातला पंखा, माडीवरच्या ट्यूबा, सगळं हिनंच बशिवलंय. मी खाली असतो."

 म्हाताऱ्यांनी घसा खाकरला.

"चढ," हे मला म्हणाले.

मी चढले. पण काय सांगू, मला त्या वेळी राग आला होता. मला वाटलं, काल झाकलेलं उघडं पडलं, आता लपवण्यात अर्थ नाही, म्हणून ह्यांनी मला सगळ्यांपुढं ढकललं. निदान मला आधी सांगायचं तरी. इतक्या माणसांत, साडी खोचून, मातीच्या पायांनी. वर दिवा अडकवताना माझे हात गार पडले होते. पायांना मात्र पायरी बोचत नव्हती. ते मला कळलं, आणि तरी मी मनाला कळू दिलं नाही. दिवा लागला, जिना उजळला, खालून कुणीतरी "वा!" म्हणालं. उतरताना बघितलं तर ह्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली होती आणि मान खाली घातली होती.

संध्याकाळी माझी हरवलेली चप्पल उंबऱ्याशी परत होती. मला वाटलं कुत्र्यानं आणून टाकली. बरेच दिवस मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

त्यानंतर दार लावायची रीत सुटली. लोक आधी हसले, मग सवय झाली. मग बायका मलाच बोलवायला लागल्या, कारण घरात एकट्या असताना वायरमनबाई आलेली बरी. ह्यांनी शिडी धरायची, मी चढायचं. सगळं सुरळीत झालं. तरी त्या जिन्यातली एक गाठ मनात राहिलीच, की ह्यांनी मला न विचारता पुढं केलं.

परवा ती शिडीही थकली. एका खटक्याची स्प्रिंग गेली. नवी घ्यायला आम्ही शांतीशेठकडं गेलो. शेठ आता पार वाकलेत, पण गल्ला सोडत नाहीत. हे बाहेर गाडीपाशी थांबले, मी आत.

"रुंद पायरीचीच ना?" शेठ म्हणाले. "तुमच्या पायाचं माप माहीत आहे मला."

"माझ्या पायाचं? ते कसं काय?"

शेठ हसले. "यांनी कधी सांगितलं नाही होय? त्या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं तर वायरमन पायरीवर बसलेले, शेजारी ती उंच शिडी. आत आले आणि पिशवीतून बाईची चप्पल काढली. मी म्हटलं हे काय? ती दुसरी शिडी उघडायला लावली, चप्पल तिच्या पायरीवर ठेवली, बोटानं पुढं-मागं किती उरतंय ते बघितलं. मग दुसऱ्या पायरीवर, मग वरच्या. म्हणाले, 'शेठ, ह्या पायाला बोचता कामा न्हाई.' तो जगू पेंटरही होता. म्हणाला, 'हणमंतराव, बायकोची चप्पल हातात?' तर हे म्हणाले, 'हातात काय, डोक्यावर घीन. चढनारी ती हाय. तिला आज सगळ्यांम्होरं चढायचं हाय, माझ्यापायी.'  मग शिडी रिक्षात चढवायला जगूच आला."

 मला काय काय आठवलं. काळ्या कुत्र्याला घातलेल्या शिव्या. शिडी धरून खाली घातलेली मान. आणि मी मात्र इतकी वर्षं त्या दिवसाचा हिशोब ह्यांच्या नावावर लावत आले. लाजेनं मला तिथं उभं राहवेना. ज्या माणसाला त्या दुकानात सगळ्यांसमोर खाली उतरवलं होतं, तो दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दुकानात, त्याच माणसांसमोर, माझी चप्पल घेऊन परत गेला होता. आणि बंगल्यावर येऊन म्हणाला काय, तर बदलून दिली शेठनी.

मी दारात जाऊन हाक मारली. "अवं, आत या. शिडी बगा."

"तू बगितलीस न्हवं? मग झालं."

"या म्हनते ना."

हे आत आले. शेठनी नवी शिडी उघडून ठेवली होती. मी माझी चप्पल काढली आणि तिच्या पहिल्या पायरीवर ठेवली. ह्यांनी चपलेकडं बघितलं, मग शेठकडं, आणि कान तांबडेलाल झाले.

"शेठ, लई बोलता राव तुमी," हे म्हणाले.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळी बघत होती. हे पुढं आले, चप्पल उचलली, फडक्यानं पुसली आणि माझ्या पायाशी ठेवली. मग वाकून दोन्ही हातांनी शिडी धरली.

"चढून बग," हे म्हणाले. "मी हाय."